डॉक्टरला देव म्हणू नका, आधी झोपू द्या

कंदीपेढा:

बाबांना न्यूमोनिया झाला म्हणून जूनच्या शेवटी पाच दिवस सरकारी रुग्णालयात काढले. गावाचं नाव लिहीत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकानं हेच असणार.

मेडिसिन वॉर्ड. खाटा भरलेल्या, दोन खाटांच्या मधे गाद्या, आणि या सगळ्याला रात्री दोन निवासी डॉक्टर. त्यातली एक मॅडम, पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षाची, म्हणजे जेआर वन (ज्युनियर रेसिडेंट). माझ्या भाचीएवढी असेल. एप्रनच्या एका खिशात रक्ताचे बल्ब, म्हणजे नमुन्याच्या छोट्या नळ्या, दुसऱ्यात बिस्किटाचा पुडा. रक्त तीच काढणार, बल्बवर नाव तीच लिहिणार, आणि वॉर्डबॉय मामा जागेवर नसले की लॅबपर्यंत पळत तीच जाणार.

तिसऱ्या रात्री तीनच्या सुमारास बाबांची सलाईनची सुई निघाली. ती आली, मनगटावर शीर शोधली, पहिल्यांदा चुकली, "सॉरी काका" म्हणाली, दुसऱ्यांदा बसली. मग पेपरवर लिहायला लागली आणि मला विचारलं, "आज तारीख काय?" मी म्हटलं तीस. तिनं अठ्ठावीस लिहिली होती. आदल्या दिवशी सकाळी नऊला ड्यूटीवर आलेली. त्याच पेपरवर खाली बाबांच्या इन्सुलिनचे युनिट होते. तारीख खोडताना तिनं तो आकडाही बोट ठेवून पुन्हा वाचला. बोट ठेवून, पहिलीतली मुलं वाचतात तसा. बाबा मला म्हणाले, "पोरीला खुर्ची दे." ती बसली नाही. म्हणाली, बसले तर उठणार नाही.

एक जुलैला, म्हणजे डॉक्टर्स डेला, सकाळी कुणी स्थानिक पुढारी फुलं घेऊन आले. बॅनरवर 'डॉक्टर म्हणजे देवच'. प्रत्येकाला एक गुलाब, एक फोटो. मॅडमनी गुलाब बल्बच्या खिशात खोचला आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

मला त्या 'देव' शब्दाचा राग आला. देव म्हटलं की त्याला झोप नको, भूक नको, आणि तो पावलाच पाहिजे. नाही पावला की आपण काय करतो ते धुळ्यानं २०१७ साली दाखवलं. डोक्याला मार लागलेला रुग्ण आला, न्यूरोसर्जन इथे नाही, दुसरीकडे न्या एवढं सांगितलं म्हणून हाडांच्या विभागातल्या निवासी डॉक्टरला इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. न्यूरोसर्जन नव्हता हा त्या पोराचा दोष होता का?

केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांपेक्षा जास्त काम नको असं लिहून ठेवलंय. आमच्या मॅडमनी तेवढे तास दोन दिवसांत भरले असतील. त्यामुळे माझं म्हणणं एवढंच: कौतुक करायचंच असेल तर गुलाब नको, ही ड्यूटी कमी करा. त्यात आपलाच स्वार्थ आहे, कारण इन्सुलिनचा आकडा तोच हात लिहितो.

रोखठोक नाना:

लेख आवडला, मुलीबद्दल वाईटही वाटलं. पण एक सांगा, तिची झोप आम्ही पळवली का? ड्यूटीचा तक्ता कोण लावतं? तिचेच सर. "आमच्या वेळी आम्ही ७२ तास उभे असायचो" हे अभिमानानं सांगणारे डॉक्टरच असतात. म्हणजे डॉक्टरांचा छळ डॉक्टर करणार आणि कौतुकाची वर्गणी आमच्याकडून.

दुसरं, तुम्ही सरकारी वॉर्ड पाहिला. मी शहरातलं खासगी हॉस्पिटल पाहिलंय. सासूबाई अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होत्या. मोठे डॉक्टर सकाळी साडेसातला येऊन जायचे, आम्हाला भेटायची वेळ अकरा. रोज अकराला एक वेगळाच मुलगा यायचा आणि म्हणायचा, "कंडिशन सेम आहे." रोज संध्याकाळी बिलिंग काउंटरवरून मात्र न चुकता फोन: डिपॉझिट भरा. तिथे कुणाला झोप येत नव्हती! बाराव्या दिवशी गेल्या. आम्ही कुणावर हात उगारला नाही, काच फोडली नाही. पण मला एक जुलैला मेसेज पाठवायला सांगू नका.

आणि कट प्रॅक्टिसचं, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घेण्याचं, काय? महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर, विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून कोकणातले शेकडो जीव वाचवणारे, ज्यांना पुढे पद्मश्री मिळाली. त्यांनाच एका तपासणी केंद्रानं एमआरआयला पेशंट पाठवल्याबद्दल १२०० रुपयांचा चेक पाठवला होता. त्यांनी तो परत करून वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. असा चेक परत करणारा माणूस बातमीचा विषय होतो, यातच सगळं आलं. २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला. तो कुठल्या कपाटात आहे, कुणी सांगेल का?

चहाटळ:

+१ नाना. देव नाही, दुकानदार. फरक एवढाच की दुकानात भाव विचारता येतो.

तालुक्याची डॉक्टरीण:

चहाटळ, माझ्या दुकानात भाव भिंतीवर लावलाय, या कधी. तपासणी १०० रुपये, त्यातले निम्मे लोक "पुढच्या बाजारी देतो" म्हणून जातात आणि खरंच देतात.

नाना, कट घेणारे आहेत. नाही म्हणायला मी वेडी नाही. माझ्या टेबलावरही पाकीट आलंय, मिठाईच्या बॉक्सखाली. परत पाठवलं तर समोरचा दुखावला. तो पुढच्या आठवड्यात म्हणाला, मॅडम, तुम्ही एकट्याच असं करता. एकटी नाहीये, पण तसं वाटावं एवढ्याच आम्ही आहोत.

तरी एक गोष्ट बघा, कारण ती तुमच्याच बिलाशी जोडलेली आहे. आमच्या तालुक्यात पंधरा वर्षांपूर्वी चार छोटी नर्सिंग होम होती. नवरा-बायको डॉक्टर, खाली दवाखाना, वर घर. अपेंडिक्स, हर्निया, सिझर इथेच व्हायचं. भूल द्यायला शेजारच्या गावाहून डॉक्टर बुलेटवरून यायचे. मग एका बाळंतपणात रक्तस्राव थांबला नाही, बाई गेली. दीडशे लोक जमले. सोनोग्राफी मशीन रस्त्यावर आणून फोडलं. डॉक्टर आणि त्यांची शाळेतली मुलगी मागच्या गच्चीवरून शेजारच्या घरात उतरली. वर्षभरात त्यांनी बंद केलं. आता तिथे मोबाईलचं शोरूम आहे. उरलेल्यांपैकी दोघांनी ऑपरेशनं सोडली.

आता रात्री कठीण बाळंतपण आलं की आम्ही काय करतो? चिठ्ठी लिहितो: पुढे न्या. जे मला जमण्यासारखं आहे तेही. बीपी थोडं जास्त दिसलं, पुढे न्या. बाळ आडवं वाटतंय, पुढे न्या. पुढे म्हणजे ६० किलोमीटर, मधे घाट. आणि घाट उतरल्यावर जे पहिलं मोठं हॉस्पिटल दिसतं तिथे तुमचं डिपॉझिट. म्हणजे मार खायचा आम्ही टाळला आणि त्याचं बिल तुम्ही भरलं.

मला देव म्हणू नका, दुकानदार म्हणा हवं तर. फक्त बाई गेली तर ती माझ्या हातून गेली की रक्त ६० किलोमीटरवर होतं म्हणून गेली, एवढं विचारायला थांबा.

वकीलसाहेब:

मुद्द्याचं तेवढं लिहितो. महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. डॉक्टर, नर्स, कर्मचारी यांच्यावर हल्ला किंवा रुग्णालयाची मोडतोड केली तर तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, आणि फोडलेल्या यंत्राच्या किमतीच्या दुप्पट भरपाई. कागदावर कडक. प्रत्यक्षात चार दिवसांनी गावातली मोठी मंडळी मध्यस्थीला येतात आणि डॉक्टरलाच त्या गावात राहायचं असतं.

नानांसाठी: ग्राहक कायद्याखाली पैसे घेऊन सेवा देणारे डॉक्टर येतात हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच सांगितलंय. फौजदारीसाठी मात्र २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे ढोबळ निष्काळजीपणा दाखवावा लागतो, साधी चूक पुरत नाही.

रोखठोक नाना:

वकीलसाहेब, डॉक्टरांचा कायदा एका दमात सांगितलात. पेशंटचा?

वकीलसाहेब:

सांगतो. २०२१ च्या शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायची. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, आणि तातडीच्या रुग्णाला डिपॉझिटसाठी दारात थांबवायचं नाही. पुढच्या वेळी आत शिरताना आधी भिंत वाचा. सनद बहुधा कुंडीमागे सापडेल.

निवृत्त सिस्टर:

तेहतीस वर्षं नोकरी केली, त्यातली एकोणीस कॅज्युल्टीत. तुमच्या या चर्चेत अजून कुणी सिस्टर आणि मामा-मावशींचं नाव काढलं नाही, ते असो. सवय आहे.

नाना, तुमच्या "कंडिशन सेम आहे"बद्दल बोलते. माणूस गेल्याची बातमी सांगायला आमच्याकडे कोण जायचं ठाऊक आहे? सगळ्यात लहान डॉक्टर. सर कधीच नाही. तेवीस-चोवीस वर्षांचं पोर, त्याला आयुष्यात कुणी शिकवलेलं नाही की असं कसं सांगतात. ते इंग्रजी शब्द वापरायचं, कारण मराठीत बोललं तर स्वतःच रडेल अशी भीती. "पेशंट एक्स्पायर झाला" म्हणायचं आणि नातेवाईक बघतच राहायचे. मग मी पुढे व्हायचे. बाईच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "बाई, गेले हो ते."

आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला आम्ही सिस्टर लोक एक शिकवायचो. बातमी सांगताना दाराच्या बाजूला उभं राहायचं. नातेवाईक आपल्या आणि दाराच्या मधे येऊ द्यायचे नाहीत. हे कुठल्या पुस्तकात नाही. एका पोरानं ऐकलं नाही, आपुलकीनं आत जाऊन बसून सांगितलं. त्याला टाके मी घातले. दुसऱ्या दिवसापासून तोही दारात उभा राहून दोन वाक्यांत सांगायला लागला, आणि लोक म्हणायला लागले, डॉक्टर उर्मट आहे.

चहाटळ:

सिस्टर, माझा वरचा प्रतिसाद मागे घेता येत नाही इथे. घेतला असता.

रोखठोक नाना:

सिस्टर, वाचून थोडा वेळ गप्प बसलो. तरी माझं म्हणणं मी सोडत नाही. आम्ही मारणारे नव्हतो. दाराजवळच्या त्या सावध उभं राहण्याची शिक्षा आम्हाला का? मला औषधांचं काही कळत नाही. पण "आज कालच्यापेक्षा वाईट आहे, धाकट्या मुलीला बोलावून घ्या" हे वाक्य मला कळलं असतं. माझी मेहुणी नागपूरला होती. तिला आम्ही बाराव्या दिवशी बोलावलं, ती पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. अकरा दिवसांत हे एक वाक्य कुणी बोललं नाही. ते हॉस्पिटल गरीब नव्हतं, खाटांच्या मधे गाद्या नव्हत्या, पाच मिनिटं नक्की होती.

तालुक्याची डॉक्टरीण:

होती. याला माझ्याकडे उत्तर नाही. आयसीयूतल्या पेशंटच्या नातेवाइकाला रोज एकाच डॉक्टरनं, ठरल्या वेळी, बसून सांगावं. याला ना यंत्र लागतं ना अनुदान. आम्ही ते करत नाही, आणि दुसऱ्या दिवशी समाज कृतघ्न झाला म्हणून आपल्याच ग्रुपवर लिहितो.

मात्र सरकारी वॉर्डाला हे लावू नका. तिथे पाच मिनिटं गुणिले साठ पेशंट म्हणजे पाच तास. कंदीपेढाच्या मॅडमकडे बसायला खुर्ची होती, तीही ती घेईना.

रोखठोक नाना:

सरकारी वॉर्डाचं मान्य. फुलांऐवजी जागा भरा म्हणून आमदाराला पत्र लिहिणार असाल तर सही करतो. देवाला नाही, मॅडमला.

कंदीपेढा, बाबा कसे आहेत ते तुम्ही लिहिलंच नाही. आणि डिस्चार्ज कार्डवर तारीख तरी बरोबर आहे ना?

कंदीपेढा:

बाबा घरी आहेत. खोकला आहे, पण काल स्वतः चालत केस कापून आले. निघताना मॅडम दिसल्या नाहीत, त्यांचा पुन्हा इमर्जन्सी डे, म्हणजे तातडीचे पेशंट घ्यायची पाळी होती, खाली कॅज्युल्टीत असाव्यात. कार्ड त्यांच्याच अक्षरात आहे. तारीख बरोबर, औषधं बरोबर, मी केमिस्टकडून दोनदा तपासून घेतली. फक्त वय ४७ लिहिलंय. आहेत ७४. मी बदलून आणतो म्हटलं, तर बाबांनी कार्ड उशीखाली घातलं.