सरासरी ६२४, भाव ९५. काय करू?

भोसरीकर (शनिवार, २५ ऑक्टोबर २००८, रात्री)

भोसरी एमआयडीसीत माझं टर्निंगचं छोटं वर्कशॉप आहे. जानेवारीत सेन्सेक्स २१,००० ला शिवला तेव्हा शेजारच्या शेडवाल्याच्या नादी लागून एका बांधकाम कंपनीचे ३०० शेअर ७६० ने घेतले. पंधरा दिवसांत बाजार आपटला. मे महिन्यात तळेगावचा एनए प्लॉट विकला, त्या पैशातून जूनमध्ये ४२० ने आणखी २०० घेतले. अ‍ॅव्हरेज खाली येईल म्हणून. आलं की, ६२४ वर!

काल सेन्सेक्स १,०७० नी पडून ८,७०१ ला बंद झाला, माझा शेअर ९५ ला. मी लेथसमोर उभा राहून ब्रोकरच्या पोराला फोन लावतोय आणि तो उचलत नाही. तीन लाख बारा हजारांचे साडेसत्तेचाळीस उरलेत.

लेहमन बँक बुडाली अमेरिकेत, दुसरी पाळी बंद झाली माझ्याकडे. तीन पोरांच्या बोनसचे पैसे तेवढे बाजूला काढून ठेवलेत. घरी "जरा खाली आहे" एवढंच सांगितलंय. विकू, ठेवू, की अजून थोडे घेऊ?

शेअरकिडा

९५ म्हणजे फुकट आहे राव! डोळे झाकून उचला. बोनस काय, पुढच्या महिन्यातही देता येतो.

पेठेतला म्हातारा

वरच्या चिरंजीवांनी आधी स्वतःच्या खिशातून उचलावेत.

भोसरीकर, १९९२ च्या एप्रिलमध्ये बाजार साडेचार हजारांच्या घरात होता, वर्षभरात निम्म्यावर आला. बाजार पुढे वर गेला, माझ्या दोन कंपन्या मात्र गेल्या त्या गेल्याच. कागदी सर्टिफिकेटं अजून गोदरेजच्या कपाटात आहेत, रद्दीवालाही घेत नाही. तुमचा भाव ६२४ ला यायला साडेसहा पट व्हायला हवा. सेन्सेक्स परत येईल हो, ही कंपनी येईल का ते बघा. डोक्यावर कर्ज किती आहे, ताळेबंदात दिसेल.

आणि पोरांचे पैसे पोरांना द्या. दिवाळी आहे.

हिशेबनीस

एक गोष्ट कुणी बोललं नाही. जानेवारीच्या शेअरना येत्या जानेवारीत वर्ष होतंय. त्यानंतर विकले तर तोटा दीर्घ मुदतीचा, आणि एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा कर) भरलेल्या शेअरवरचा दीर्घ मुदतीचा नफा सध्या, २००८ च्या नियमाने, करमुक्त असल्याने तो तोटा कशातूनच वजा होत नाही. वर्षाच्या आत विकलेत तर तोटा अल्प मुदतीचा, आणि तो प्लॉटच्या नफ्यातूनही वजा होतो. प्लॉट तुम्ही याच आर्थिक वर्षात विकलाय, म्हणजे नशीबच म्हणायचं. उरलेला तोटा आठ वर्षं पुढे ओढता येतो, फक्त रिटर्न वेळेत भरा. डीमॅटमध्ये आधी घेतलेले आधी विकले असं धरतात, म्हणजे पहिले ३०० जानेवारीचेच जातील.

प्लॉट किती वर्षं तुमच्या नावावर होता?

भोसरीकर

अकरा वर्षं. प्लॉटवर कर बसणार हे डोक्यातच नव्हतं!

मंगळवारी मुहूर्ताच्या सौद्यात विकू का?

पेठेतला म्हातारा

लक्ष्मीपूजनाला विकत नाहीत. शास्त्र वगैरे काही नाही, पण मला नाही जमलं कधी.

भोसरीकर (रविवार, २ नोव्हेंबर)

मुहूर्ताला सेन्सेक्स ९,००८ झाला आणि लगेच मोह झाला की थांबावं, सगळं येतंय परत. शुक्रवारी अखेर ३०० विकले, १०८ ने. तोटा १,९५,६००. जूनचे २०० ठेवलेत, त्यांना अजून मुदत आहे. बोनस धनत्रयोदशीलाच दिला होता.

भाऊबीजेला मेहुणा येऊन गेल्यावर बायकोला आकडा सांगितला. ती फराळाचे डबे आवरत होती. म्हणाली, "जानेवारीत मी फ्रीज म्हटलं तेव्हा पैसे अडकलेत म्हणालात, ते इथे होय?"

फ्रीज अजून जुनाच आहे. दाराला रबर लावून आणलंय.