दुबईचा भाव सांगणाऱ्यांनो, वटणावळ (पैसे बदलताना होणारी कापाकापी) धरली का? (धागा 2024 चा, भाव अन् नियम तव्हाचे)

मोंढेकर:
काल एका भावानं इथंच टाकलं होतं, "दुबईत आयफोन सोळा प्रो 98 हजाराला, आपल्याकडं 1,19,900 ला. इथं घेणारा येडा अन् विकणारा चोर." खाली सगळे वा वा करायलेत. मी गप बसणार होतो, पण माझ्या मेहुण्याचं नांदेडला मोबाइलचं दुकान हाय. त्याच्याकडं रोज पोरं येतेत, फोन हातात घेतेत, चार सेल्फी काढतेत, "दुबईत स्वस्ताय" म्हणतेत अन् जातेत. त्याचा चहा बी पिऊन जातेत. म्हणून लिहायलो.

हिशोब घ्या. तिथली किंमत 4,299 दिरहम. दिरहम 22.90 च्या आसपास, झाले 98,447. इथवर पोस्टवाला खरा. पण हा भाव पेपरात छापायचा हाय, त्या भावात तुला दिरहम कोण देणार? कार्ड घासलं की बँकेचा साडेतीन टक्के मार्कअप (परदेशी खर्चावरची जादा कापणी), त्याच्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून 4.13 टक्के. म्हणजे 4,066. मग हैदराबादला उतरलास. 2024 च्या नियमानं 50 हजारापर्यंत सामान माफ, त्याच्या वर 38.5 टक्के कस्टम. उरलेल्या 48,447 वर 18,652 झाले. बेरीज 1,21,165. इथल्यापेक्षा 1,265 जास्त, अन् तिकीट धरलंच नाही.

माझीच गंमत सांगतो. मागच्या दिवाळीत भाच्याकडं शारजाला गेलतो. एका मॉलात 640 दिरहमचं बिल झालं. काउंटरवरच्या पोरानं मशीनवर दिरहम का रुपये हे मला विचारलंच नाही, स्वतःच रुपये दाबले. पावतीवर आपला रुपया बघून मला बरं वाटलं राव, मशीन बी आपल्याकडचं निघालं म्हणून. रात्री भाच्यानं कागद घेतला. त्या दिवसाचा भाव 22.68, म्हणजे साडेचौदा हजार व्हायला पाहिजेत, पावती 15,310 ची. आठशे रुपये नुसतं एक बटण दाबायचे! अन् घरी आल्यावर स्टेटमेंटात अजून एक फी, "परदेशी दुकानात रुपयात व्यवहार" केला म्हणून. रुपयात दिले तरी दंड अन् दिरहमात दिले तरी दंड.

पक्या_पुंडलिकनगर:
काका पोस्ट माझीच होती. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.
तुमच्या हिशोबात 18,652 कस्टम आहे ते भरतंय कोण? खोकं तिथंच फेकायचं, सिम टाकायचं, खिशात घालून यायचं. आमच्या ग्रुपमधल्या तिघांनी असंच आणलं, कुणी विचारलं पण नाही. अन् तिथला 5 टक्के व्हॅट टुरिस्टला एअरपोर्टवर परत मिळतो तो कुठं धरला? 204 दिरहम होतो, फी कापून सगळा नाही येत, पण चारेक हजार तर येतेतच. मार्कअप तिथंच फिटला. 21 हजार वाचले ते वाचलेच.
आणि मुद्दा वेगळाच होता. फोन जोडायलेत तमिळनाडूत, आणि तिथून हजार किलोमीटरवर आपल्याला महाग, समुद्रापलीकडच्या शेखला स्वस्त. याचं उत्तर द्या ना. मेहुण्याच्या चहाचं नंतर बघू.

मोंढेकर:
म्हणजे तू म्हणायलास ते "दुबईत स्वस्त" नाही, "कस्टम बुडवल्यावर स्वस्त". तसं तर मेहुण्याच्या दुकानातून खिशात घालून निघालास तर फुकटच पडंल.

पक्या_पुंडलिकनगर:
भाषा नीट ठेवा काका. चोर म्हणायलात का मला?

मोंढेकर:
सुरुवात कुणी केली? "विकणारा चोर" कुणी लिवलं?

सीए_होऊ_घातलेली:
दोघंही जरा थांबा. व्हॅटचं पक्याचं बरोबर आहे, काका, ते तुम्ही सोडलंत. कस्टमचं काकांचं बरोबर आहे, पक्या, आणि कुणी विचारलं नाही म्हणजे माफ आहे असं होत नाही. कायद्यानं एक लॅपटॉप तेवढा माफ असतो, फोन नाही. दोन्ही धरलं तर वाचतात साधारण पावणेतीन हजार. एवढ्यासाठी भांडताय.
मशीननं विचारलं की कायम तिथलंच चलन दाबायचं. रुपये दाबले की भाव तो दुकानदार आणि त्याची मशीनवाली कंपनी ठरवते. मार्कअप नसलेली कार्डंही मिळतात, जायच्या आधी घ्यावीत.
आणि काका, तुमची जीएसटी नोंदणी आहे ना? धंद्याच्या नावावर बिल घेतलं तर 1,19,900 मधले 18,290 इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट, मिळतं. फोन पडतो 1,01,610 ला. दुबईपेक्षा स्वस्त आणि खोकंही फेकायला नको.

मोंढेकर:
ताई, हे आमच्या सीएनं मला आजवर सांगितलं नाही!! फी मात्र घेतो.

तिफन:
आडतीच्या दुकानाला आयफोन कशाला लागतो? सोयाबीनचा फोटो काढायला?
सगळ्यांचं वाचलं. मोंढेकर मालक, बँकेनं तुमचे 4.13 टक्के कापले तर एवढं मोठं लिवलंत. परवा मी सोयाबीनचे 22 कट्टे घेऊन मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) आलतो. ओलाव्याचे कापले, मातीचे कापले, हमाली, तोलाई, अन् वर कडता, म्हंजे वजनातली जादा कापणी. माझी वटणावळ कोण धरणार? 2024 चा हमीभाव क्विंटलला 4,892, पट्टी (आडत्याच्या हिशोबाचा कागद) हातात आली ती चार हजाराच्या बी खाली. सरकारी केंद्रावर जावं तर ओलावा 12 च्या वर म्हणून माल वापस. पावसात काढलेलं सोयाबीन 12 वर कसं येणार, इस्त्री करून?

मोंढेकर:
कडता मी घेत नाही. घेणारे हायेत, मी नाकारत नाही. सगळ्यांना एका कट्ट्यात भरू नका.

तिफन:
कट्ट्यात भरायची सवय तुमचीच हाय.
अन् पक्याभाऊ, ड्युटी तुम्हाला भरायची नाही अन् फोन इथं महाग का म्हणून विचारता, तर एक विचारतो. 14 सप्टेंबर 2024 ला सरकारनं बाहेरून येणाऱ्या कच्च्या सोयातेलावरची ड्युटी साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के केली. तव्हा शहरातले सगळे बोंबललेत, तेल महाग झालं, दिवाळीचा फराळ कसा करावा. म्हंजे फोनवरची बी नको, तेलावरची बी नको. बाहेरचं सगळं स्वस्तात येऊ द्या अन् आमचं कुणी घ्यायचं? तेव्हा देश आठवत नाही, फोन घेताना मात्र तमिळनाडू आठवतो.

पक्या_पुंडलिकनगर:
ड्युटी वाढवून तुमचा भाव वाढला का? नाही ना वाढला. मग तेलाचे जादा पैसे आम्ही कुणाला देतोय? माझी आई पण शेतातच काम करून मोठी झाली दादा, मला शेतकरी शिकवू नका.

तिफन:
आई झाली, तुम्ही नाही.

परभणी_जगात_जर्मनी:
वातावरण तापलंय म्हणून एक हलकं सांगतो. आमच्या साडूच्या पोरानं अमेरिकेहून सोळा प्रो आणला. 999 डॉलर पाटीवर, काउंटरवर गेल्यावर टॅक्स वेगळा लावला, तिथं पाटीवर टॅक्स धरतच नाहीत म्हणे. असो. इथं आल्यावर सगळं घर सिम टाकायला बसलं. बापू पिन घेऊन फोनच्या चारी बाजूनं भोक शोधायलेत. भोकच नाही! अमेरिकेतल्या फोनला 14 पासून सिमची फटच नसते, ई-सिम लागतं. चार दिवस पोरगं वायफायच्या घरात फिरत होतं.

देगलूर_नाका:
तुम्ही दुबईचं काय घेऊन बसलात, आमच्याकडं दुबई रोजचीच हाय. कर्नाटकात औरादला गेलं की पेट्रोल वेगळं, बिलोलीच्या पुढं तेलंगणात वेगळं. तिकडच्या गाड्या डिझेलला आपल्याकडं येतेत अन् आपले कर्नाटकात जातेत. आता कर्नाटकनं जून 2024 मधी पेट्रोल तीन रुपयानं वाढवलं, त्यातला बी राम गेला. एकाच रुपयात एवढं, दिरहमला कशाला नावं ठेवता.

जुना_लातूरकर:
बॉर्डर आणि दोन चलनं हे मराठवाड्याला नवीन नाही, नव्या पोरांना माहीत नसतं एवढंच. आमचे आजोबा कळंबचे. निजामाच्या राज्यात हाली सिक्का, म्हणजे निजामाचा रुपया, आणि बार्शी इंग्रजांची, तिथं कलदार, म्हणजे इंग्रजांचा रुपया. सात हाली म्हणजे सहा कलदार. सरकारी दर 116 रुपये 10 आणे 8 पै हालीला 100 कलदार. कापूस घेऊन बैलगाडीनं बार्शीला जायचे, पैसे कलदारमध्ये यायचे. कलदार घरी आणून सावकाराकडं हालीत बदलायचे तर सावकार सरकारी दर पाळतोय थोडाच, बट्टा कापूनच द्यायचा. हे तुमचं मार्कअप म्हणजे तोच बट्टा. येताना करोडगिरीचा, म्हणजे निजामाच्या जकातीचा, नाका. म्हणून आजोबा बार्शीत दोन नवी धोतरं एकावर एक नेसून यायचे. खोकं फेकून फोन खिशात घालणारा पक्या पाहिला आणि आजोबाच आठवले.

पक्या_पुंडलिकनगर:
आजोबांना माझा नमस्कार सांगा काका. माणूस कामाचा होता.

हैद्राबादी_चारमिनार:
हाली सिक्का म्हणजे नाणं होतं राव. वर चारमिनार. संस्थानाची स्वतःची कागदी नोट बी होती, 1918 पासून. रुपयाची आजच्यासारखी घसरण नव्हती, सरकारी दर ठरलेला होता. आमच्या आजीकडं अजून दोन नाणी हायेत, चांदी वाजते.

मुक्तिसंग्राम_17:
व्वा. आता निजामाच्या नाण्याचं कौतुक बाकी राहिलं होतं. 1947 च्या शेवटी त्याच निजाम सरकारनं वटहुकूम काढून हिंदुस्थानचा रुपया राज्यात बंद केला आणि पाकिस्तानला 20 कोटी दिले, ते पण सांगा. करोडगिरीचे नाके लोकांनी उगं जाळले नव्हते. माझ्या चुलत आजोबांनी जाळलेत. धोतरं नेसून पळून नाही आले.

जुना_लातूरकर:
माझ्या आजोबांना पळपुटं म्हणताय का? घरात पाच लेकरं होती, धोतर 10 आणे जादा देऊन घ्यायचं होतं का नाक्यावर? नाका जाळायला दुसरेही होते, आणि त्या दुसऱ्यांना भाकरी आमच्याच घरून जायची.

हैद्राबादी_चारमिनार:
मी नाण्याबद्दल बोललो, निजामाबद्दल नाही. चांदीला कुठं धर्म अन् पक्ष असतो.

मुक्तिसंग्राम_17:
भाकरीचं असेल तर शब्द मागं घेतो. नाण्याचं घेत नाही.

देगलूर_नाका:
हाली नोटा 1948 नंतर बी काही वर्षं चालल्या ना? आमच्याकडं म्हातारे लै दिवस "कलदार का हाली" विचारायचे म्हणे.

जुना_लातूरकर:
चालल्या. आजी तर शेवटपर्यंत खणखणीत माणसाला "कलदार" म्हणायची. सून आवडली तर सून कलदार. मला मात्र कधी म्हणाली नाही.

सीए_होऊ_घातलेली:
हे सगळ्यात भारी आहे. पण सोन्याचं कुणीच काढलं नाही? दुबईला जाणारा प्रत्येक मराठवाड्याचा माणूस सोन्याचंच विचारतो. जुलै 2024 च्या बजेटमध्ये सोन्यावरची ड्युटी 15 वरून 6 टक्क्यांवर आली, त्यामुळं तिथल्या-इथल्या भावातला फरक आपोआप खाली आला. आणि जी सूट आहे ती फक्त वर्षाहून जास्त बाहेर राहिलेल्यांना, त्यातही पुरुषाला 20 ग्रॅम पण किंमत 50 हजारापर्यंतच, हा 2024 चा नियम. 50 हजारात 20 ग्रॅम कुठं येतंय आता?

मोंढेकर:
बायकोला हे दाखवलं. ती म्हणते मागच्या वर्षी गेलतो तव्हा 15 टक्के ड्युटी होती, तव्हा कामून नाही घेतलं. म्हणजे घरात बी मीच हरलो.
पक्या, व्हॅटचं तुझं मान्य. पावणेतीन हजार तुझे. पण विकणारा चोर नाही, हे तू मागं घे.

पक्या_पुंडलिकनगर:
विकणारा चोर नाही. ड्युटी लावणारा आहे का नाही ते नंतर लिहितो, वेगळ्या धाग्यात. आणि तुमच्या मेहुण्याकडं बँकेची 5 हजाराची सूट चालू आहे का? सहज विचारतोय. मित्राला पाहिजे.

मोंढेकर:
मित्राला म्हणे. चालू हाय. ये, चहा बी हाय.

परभणी_जगात_जर्मनी:
भोक हाय का बघून घे फक्त.

तिफन:
फोनचं मिटलं, धोतराचं मिटलं, सोन्याचं बी झालं. माझ्या तेलाच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही. 14 कट्टे अजून वट्ट्यावर पडलेत, अन् आज परत आभाळ आलंय.