हॅमरशेजारी टॉर्च नको
खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत हॅमर आणि टॉर्च ही कोरल (प्रवाळं) एकाच खडकावर शेजारी ठेवू का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, नको. दिसायला दोघं भाऊबंद, पण टॉर्चचा डंख जबर असतो. हॅमर आणि फ्रॉगस्पॉन कोरल मात्र एकमेकांना टेकले तरी सहसा गुण्यागोविंदाने नांदतात.

गॅलेक्सिया कोरलच्या बाबतीत तर फारच सावध राहा. दिवसा इवल्या चांदण्यांचा गुच्छ वाटतो; रात्री दिवे मालवल्यावर विजेरी घेऊन बघा, काचेच्या धाग्यांसारखे, डंख मारणारे लांब तंतू प्रवाहाबरोबर वाहताना दिसतील. माझ्या ब्रेन कोरलची त्या बाजूची कड पांढरी पडून खालचा सांगाडा उघडा पडला होता, फार वाईट वाटलं. चहूबाजूंनी निदान 20 सेंमी जागा सोडाच, प्रवाहाच्या दिशेला त्याहून जास्त.

लेदर कोरलला तर स्पर्शाचीही गरज नसते. ते पाण्यात रसायनं सोडतात आणि लांबच्या अ‍ॅक्रोपोरा कोरलची वाढ खुंटू शकते. दोन्ही हवेच असतील तर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (रसायनं शोषणारा कोळसा) कायम ठेवा, वेळच्या वेळी बदला.

आणि हो, झेनिया व ग्रीन स्टार पॉलिप्स ही भराभर पसरणारी कोरल वाळूतल्या सुट्या दगडावरच लावा. मुख्य खडकावर पसरले की खरवडून काढताना नाकीनऊ येतात.