फुटबॉल क्लबनं तुमच्या घरात काय काय घडवलं? अनुभव लिहा

पेठकरीण:
काल भावानं फॅमिली ग्रुपवर कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमचा व्हिडिओ टाकला. हलगी कडाडतेय, पाटाकडीलनं (आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमनं) गोल मारलाय, आणि शूटिंग करणारा स्वतःच नाचतोय म्हणून निम्मा वेळ नुसतं आभाळ दिसतंय. बघितलं आणि आण्णा, माझे वडील, आठवले.
आम्ही मंगळवार पेठेतले. घरात पाटाकडील सोडून दुसरं नाव नाही. माझं लग्न ठरलं शिवाजी पेठेत, सासरे कट्टर खंडोबा तालमीचे! बैठकीत मानपानाचा विषय निघालाच नाही. दोन्हीकडच्यांनी आधी केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगचं वेळापत्रक काढलं, मॅच नसलेली तारीख शोधली, मग भटजींना विचारलं. पुढं पाटाकडील-खंडोबा असली की सासरे सकाळपासून माझ्याशी अबोला धरायचे, चहासुद्धा सासूबाईंमार्फत मागायचे. आण्णा गेले त्याच्या पुढच्या सीझनला ते आण्णांच्या जागेवर, पाटाकडीलच्या पोरांत जाऊन बसले. गोल झाला तेव्हा टाळ्या मात्र वाजवल्या नाहीत.
लिहा तुमचेही. क्लब कुठलाही चालेल.

रंकाळा_रिटर्न्स:
सासरे नाद खुळा 😂 आमच्यात दोन सख्खे चुलते दोन तालमींचे. मॅचच्या दिवशी आज्जी दोघांची ताटं वेगवेगळ्या खोलीत वाढायची.

लाल_पाखरू:
इस्तंबूल, मे 2005, लिव्हरपूल-मिलान चॅम्पियन्स लीगची फायनल. आपल्याकडं मॅच रात्री सव्वाबाराला. होस्टेलच्या टीव्हीरूममध्ये मध्यंतराला मिलान 3-0, सगळे झोपायला गेले. उरलो मी आणि वॉचमन काका, ज्यांना फुटबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं. मग जेरार्ड, श्मिट्सर, अलोन्सो, लिव्हरपूलचे सहा मिनिटांत तीन गोल. पेनल्टीला काका देवाला हात जोडून उभे. गेली कित्येक वर्षं लिव्हरपूलची फायनल असली की त्यांचा फोन येतो, "आपलं काय झालं?"

कुपरेजचा_अनाथ:
तुमचे क्लब हरतात, आमचा बंदच झाला. मुंबईची महिंद्रा युनायटेड. 2005-06 ला राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा बाबांच्या खांद्याला खांदा लावून ओरडलो होतो. 2010 ला कंपनीनं टीम गुंडाळली. त्यानंतर बाबा आणि मी नक्की कशावर बोलायचं हेच कळेना. राजकारण काढलं की भांडण, नोकरी काढली की उपदेश. मुंबईच्या नव्या टीमला ते "ती टीव्हीवाली" म्हणतात. माझ्या मुलाला तीच आवडते, त्यामुळं सध्या आजोबा चोरून स्कोअर बघतात.

मांडवीकार:
@अनाथ, समजू शकतो. आमच्याकडे गोव्यात 2016 ला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग तिन्ही क्लबांनी आय-लीग (राष्ट्रीय लीग) सोडली. बाबा पाच वेळच्या चॅम्पियन धेंपोचे. एफसी गोवाचं नारिंगी टीशर्ट घरात आणलं तर त्यांनी गाडी पुसायला घेतलं. 2015 ची आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनल फातोर्ड्याला आपण चेन्नईकडून 3-2 नी हरलो, मी जेवलो नाही, आणि बाबा मजेत माशाची कढी ओरपतायत! आता धेंपो परत आय-लीगमध्ये आली तर मला फोन करून लाइव्ह कसं बघायचं विचारतात.

चहाबाज:
यापेक्षा क्रिकेट बघा. नव्वद मिनिटांत एक गोल, तोही ऑफसाइड.

रंकाळा_रिटर्न्स:
@चहाबाज भावा, कोल्हापुरात येऊन चारचौघांत बोल हे.

ताराबाई_रोड:
विषयाशी संबंध नाही पण लिहिते. मावशीच्या वरच्या खोलीत एका क्लबचा नायजेरियन खेळाडू भाड्यानं राहायचा. पहिल्या आठवड्यात तांबडा रस्सा बघून घाबरला, महिन्याभरात "मावशी, अजून" एवढं मराठी पक्कं. मावशीला फुटबॉलचा पत्ता नव्हता, पण त्याला कुणी पाडलं की स्टेडियममध्ये उभी राहून शिव्या द्यायची. सीझन संपला, तो गेला, आणि मावशीनं पुढचा भाडेकरू शाकाहारी आहे म्हणून नाकारला.

ठाण्याचा_गनर:
😂😂 मावशीला दंडवत. माझं छोटं: मुलगी झाली तेव्हा हिवाळ्यात चॅम्पियन्स लीग रात्री दीडला असायची. रात्रीचं दूध पाजणं मी आपणहून मागून घेतलं. सासूबाई चाळीत सगळ्यांना सांगत फिरल्या, जावई असावा तर असा. बायकोला सगळं माहीत होतं, तीन वर्षं त्यावर काही बोलली नाही. मग एका भांडणात ते सगळं बाहेर काढलं. (बाळ रडतंय, बाकीचं नंतर.)

पेठकरीण:
@ताराबाई_रोड रस्सा मटणाचाच ना? आण्णा मॅच जिंकली तरच मटण आणायचे, त्यामुळं आईसुद्धा पाटाकडीलची.

मंगळवारचा_पोरगा:
आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 ला सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडून खेळला तेव्हा आमच्या आईनं पहिल्यांदा "खेळ, पण अंधाराच्या आत घरी ये" म्हटलं. त्याआधी फक्त "अभ्यास". एवढंच. क्लासला उशीर होतोय.

ताराबाई_रोड:
@पेठकरीण मटणच. पांढरा त्यानं शेवटपर्यंत खाल्ला नाही, म्हणायचा दूध आणि मटण एकत्र कसं?

रंकाळा_रिटर्न्स:
नारळाचं दूध म्हणून सांगायचं की त्याला! बरं, उद्याची मॅच चारलाच आहे ना? कुणी लवकर जाणार असेल तर दोन जागा धरा, चुलते दोघंही येणार म्हणतायत, मधे मला बसावं लागेल.