मुंबई ते लंडन नक्की किती तास? आईच्या इन्सुलिनचं गणित बसत नाहीये

कोपरीकर
नमस्कार मंडळी, ठाण्यातून लिहितोय. आई जानेवारीत ताईकडे लंडनला एकटीच चाललीये, तिला इन्सुलिन चालू आहे म्हणून विमानातले नेमके तास हवेत. अंतर बघितलं तर साधारण ७,२०० किमी, विमान ताशी ९०० ने जातं म्हणजे आठ तास, बरोबर ना? पण तिकिटावर दुपारी २ ला सुटून संध्याकाळी ६.३० ला पोचतंय आणि येताना रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३०. नक्की धरायचं काय? कोणीतरी नीट सांगा प्लीज

खारघर_सेक्टर१२
दादा, तिकिटावर ज्या त्या गावची वेळ असते. जानेवारीत लंडन आपल्या साडेपाच तास मागे. म्हणून जाताना साडेचार अधिक साडेपाच, दहा तास. येताना साडेचौदातून साडेपाच गेले, नऊ. हा तासाचा फरक वाऱ्याचा, दहा-बारा किमी उंचीवर जेट स्ट्रीम पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, थंडीत तर जास्तच जोरात, जाताना तो समोरून अंगावर येतो आणि येताना मागून ढकलतो.

ऐरोलीकरीण
आणि ते ७,२०० म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला की येतं ते अंतर. घरात ग्लोब असेल तर करून बघा, दोरा पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्र आणि पुढे युक्रेनवरून जातो. आता युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून बंद, पाकिस्तानचं एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना बंद, मग वळसा पडणारच. शिवाय तिकिटाची वेळ गेट ते गेट असते, मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात म्हणून एका वेळी एकच वापरतात, तिथे टेकऑफची रांग, आणि हीथ्रोवर उतरायच्या आधी बऱ्याचदा घिरट्या, हे सगळं त्यात धरलेलं असतं. आठ तासांवर औषध बसवू नका.

नौपाड्याची_काकू
अरे बाळा, दहावर पण बसवू नकोस. २ च्या फ्लाइटला ११ ला टी-२ वर, म्हणजे घर सोडणार साडेनऊला, आणि तिकडे उतरून इमिग्रेशन, बॅगा... दार ते दार सोळा तास सहज होतात. डॉक्टरांना हे सोळा तास सांग आणि डोस त्यांनाच ठरवू दे, कारण पश्चिमेला जाताना तो दिवसच साडेपाच तासांनी लांबतो. आमच्या ह्यांना इन्सुलिनच आहे. ते चेक-इन बॅगेत अजिबात टाकू नका, खाली कार्गोत गोठू शकतं, पर्समध्येच ठेवायचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. डायबेटिक जेवण आधीच सांगून ठेव, डीबीएमएल म्हणतात त्याला. बरोबर बिस्किटं दे, जेवणाची ट्रॉली कधी येईल भरवसा नाही. आणि उतरेपर्यंत आईच्या हातातलं घड्याळ भारतीय वेळेवरच राहू दे.

कोपरीकर
काकू खूप आभार, साडेनऊपासूनचा सगळा तक्ता कागदावर करून शनिवारी डॉक्टरांकडे नेतो. हीथ्रोला चालायला खूप आहे म्हणतात, व्हीलचेअर मिळते का?

खारघर_सेक्टर१२
मिळते, पैसे लागत नाहीत. एअरलाइनला आत्ताच फोन करून दोन्हीकडची बुकिंगमध्ये टाकून घ्या.