कायम प्राध्यापकाला परराष्ट्र खात्यात वर्षभर काम : फेलोशिप, लियन आणि कागदपत्रं

गौरी (नौपाडा, ठाणे)
नमस्कार मंडळी. मी ठाण्यातल्या अनुदानित महाविद्यालयात रसायनशास्त्राची कायम प्राध्यापक आहे. बहीण अमेरिकेत टेन्युअर (तिकडची कायम नेमणूक) मिळालेली प्राध्यापक, आता तिकडचीच नागरिक. ती जेफरसन सायन्स फेलोशिपचा विचार करतेय, म्हणजे प्राध्यापकांनी वर्षभर तिकडच्या परराष्ट्र खात्यात विज्ञानाचा सल्ला द्यायचा. तिच्या सुरक्षा तपासणीसाठी इकडच्या घरच्यांची काय माहिती लागेल? आणि आपल्याकडे नोकरी न सोडता, लियनवर (मूळ पदावरचा हक्क राखून), असं काम करता येतं का?

खारघरकर
जेफरसन २००३ साली अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं सुरू केली, निवडीचं काम नॅशनल अकॅडमीजकडे (तिकडच्या राष्ट्रीय विज्ञान संस्था). अमेरिकी नागरिकत्व आणि टेन्युअर किंवा त्या तोडीचं पद, दोन्ही हवं. वॉशिंग्टनमध्ये एक वर्ष, त्यानंतर विद्यापीठात परतून पाच वर्षं अधूनमधून सल्ल्याचं काम, असा मूळ आराखडा. पूर्वी काही जण यूएसएडमध्येही (अमेरिकेची परदेशी मदत संस्था) जात, ती संस्था २०२५ मध्ये गुंडाळली गेली. त्यामुळे कागद जमवण्याआधी तिनं अकॅडमीजच्या संकेतस्थळावरची यंदाची सूचना वाचावी.

खरी मेख पैशांत आहे. पगार आणि लाभ मूळ विद्यापीठानंच द्यायचे, खात्याकडून राहण्याखाण्याचा भत्ता. म्हणून पहिली परीक्षा निवड समितीपुढे नाही, डीनपुढे आहे. तिचे वर्ग कोण घेणार, पीएचडीच्या मुलांना कोण बघणार, चालू संशोधन निधीची जबाबदारी कोणावर, हे आधी लेखी ठरवावं. नुसतं ‘हो, बघू’ ऐकून अर्ज केला की ऐनवेळी संमतिपत्र अडकतं.

आता घरची माहिती. तपासणीचा फॉर्म एसएफ-८६. त्यात आईवडील, भावंडं, सासूसासरे यांची पूर्ण नावं, जन्मतारीख, जन्मस्थळ, पत्ता, नोकरी आणि परक्या सरकारशी असलेला संबंध विचारतात. ताई, तुमचा पगार राज्याच्या तिजोरीतून येतो, तेव्हा तेही स्पष्ट लिहायला सांगा. घोडबंदर रोडच्या फ्लॅटवर तिचं सहमालक म्हणून नाव असेल, गावच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून लागलं असेल, इथल्या बँकेत एनआरओ (अनिवासी भारतीयांचं) खातं असेल, तर सगळं दाखवायचं. मालमत्ता आहे एवढ्यानं कोणी बाद होत नाही, लपवलेली सापडली तर मात्र अवघड जातं. आपल्याकडे नेहमी अडतं ते जन्मतारखेवर : शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरी. पासपोर्टवरची धरा आणि सगळ्यांचा एकच तक्ता करून तिला पाठवा. शिवाय तिचे गेल्या ७ वर्षांतले परदेश प्रवास तारखांसकट लागतील.

बेलापूर आस्थापना
गौरीताई, आपल्याकडची रूढ वाट प्रतिनियुक्तीची, म्हणजे मूळ नोकरी राखून ठरावीक काळ दुसऱ्या खात्यात काम. वॉशिंग्टन, मॉस्को, बर्लिन, टोकियो इथल्या दूतावासांत विज्ञान सल्लागाराची पदं आहेत, ती विज्ञान व तंत्रज्ञान विभागामार्फत भरली जातात. परराष्ट्र मंत्रालयात २०२० पासून नव्या तंत्रज्ञानासाठी नेस्ट विभाग आहे.

जाहिरातीतली पात्रतेची ओळ नीट वाचा. ‘विद्यापीठे, मान्यताप्राप्त संशोधन संस्था, स्वायत्त संस्था’ एवढंच असेल तर खासगी संस्थेचं अनुदानित महाविद्यालय त्यात बसेलच असं नाही. आधी ईमेलनं विचारा, उत्तर छापून ठेवा. अर्ज ‘योग्य मार्गानं’ जातो : तुमची शिक्षणसंस्था, मग पनवेलचं उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालय. सोबत बहुधा ५ वर्षांचे गोपनीय अहवाल (पानापानावर साक्षांकित), दक्षता दाखला, सचोटी प्रमाणपत्र आणि १० वर्षांतल्या शिक्षांचं विवरण, शिक्षा नसेल तर तसं लेखी. मुदत अनेकदा ६० दिवसांची, आणि नियामक मंडळाची बैठक काही तुमच्यासाठी लवकर बोलावत नाहीत. लियनचा ठराव जाहिरात यायच्या आधीच करून घ्या. आगाऊ प्रत थेट पाठवून चालतं, पण मूळ अर्ज पोचला नाही तर ती धरत नाहीत.

रसायन_धोरण
कागदांइतकीच कामाची तयारीही लागते. तुमच्या विषयातलंच घ्या. किगाली दुरुस्ती, म्हणजे एसी-फ्रीजमधले एचएफसी वायू कमी करण्याचा आंतरराष्ट्रीय करार, २०१६ ची, भारतानं २०२१ मध्ये मान्य केली. भारत ज्या देशांच्या गटात आहे त्याला २०२८ मध्ये एचएफसीचा वापर गोठवायचा आहे, मग २०३२ ला १० टक्के कपात आणि २०४७ पर्यंत ८५. ही मर्यादा किलोत नाही, कार्बन डायऑक्साइडच्या तुल्य टनांत मोजतात. एक टन १३४ए (गाड्यांच्या एसीतला एचएफसी) म्हणजे असे १४३० टन, एक टन आर-३२ (दुसरा एचएफसी) म्हणजे ६७५. तेवढ्याच मर्यादेत आर-३२ दुपटीहून जास्त मावतं. पण वाटाघाटीला बसलेल्या अधिकाऱ्याला तेवढंच सांगून थांबलात तर तो तोंडघशी पडेल, कारण १३४एच्या यंत्रात आर-३२ भरता येत नाही : दाब बराच जास्त आणि थोडा ज्वलनशील. जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीला १३४ए लागतच राहणार, हे तुम्ही सांगायचं.

टिपणी एका पानाची. पहिल्या दोन ओळींत भारतानं काय मागावं, मग कारण, शेवटी समोरचा देश काय म्हणेल. प्राध्यापक मंडळी पार्श्वभूमीपासून सुरुवात करतात आणि मागणी तिसऱ्या पानावर जाते, तिथवर कोणी पोचत नाही.

गौरी
फार उपयोग झाला. माझ्या जागी लियनच्या काळात कोण शिकवणार, हे प्राचार्य विचारतीलच.

बेलापूर आस्थापना
लियनची जागा रिक्त पद धरत नाहीत, म्हणून कायम नेमणूक होत नाही. तासिका तत्त्वावर (घेतलेल्या तासांप्रमाणे मानधन) नेमणूक मागा. मागणी शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी पनवेलला गेली पाहिजे, आणि लियनच्या ठरावातच ‘कार्यभार तासिका तत्त्वावर’ ही ओळ घालून घ्या.