मदत हवी आहे: बहीण विमान शिकूलेय, आईची भीती कशी घालवू?

नमस्कार मंडळी, आम्ही बेळगावजवळच्या येळ्ळूरचे. धाकटी बहीण सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, विमान शिकूलेय आणि परवा तिचं पहिलं सोलो झालं बघा, म्हणजे शेजारी इन्स्ट्रक्टर नाही, एकटीनं टेकऑफ, चक्कर आणि लँडिंग! आप्पांनी अख्ख्या गल्लीत कुंदा वाटला. आई मात्र धड जेवत नाही, वर घरघर ऐकू आली की देवासमोर जाऊन बसते. बहीण शिकतेय त्या सेस्ना 172 विमानाला एकच इंजिन, ते बंद पडलं तर, हेच तिच्या डोक्यातनं जाईना. इंजिन बंद झालं तरी विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत खाली येतं आणि तसं उतरवायचा सराव करूनच घेतात, हे मी किती वेळा सांगितलं. सीपीएलला, म्हणजे कमर्शियल पायलटच्या लायसन्सला, 200 तास उडवावं लागतं, तोवर आईनं असंच झुरायचं काय? स्टुडंट लायसन्सवर प्रवासी बसवता येत नाही, नाहीतर बहिणीनं आईलाच वर नेऊन आणलं असतं.

तुमच्यात कुणी पायलट असेल, किंवा घरात असेल, तर सांगा की, घरच्यांची भीती कशानं गेली? आणि स्वतःच्या पहिल्या सोलोची आठवण असली तर तीपण सविस्तर लिहा, आईला वाचून दाखवणार आहे, माझ्यापेक्षा तुमचं नक्की ऐकेल ती.